‘चमकणारा शोधक’ कुठे चुकतो?

विज्ञानविषयक मजकूर मराठीत आणणाऱ्या एकांनी त्यांचे एक वाक्य तपासायला दिले आहे. मुळात फ्लुओरेसेंट प्रोब आणि नॅनोक्रिस्टल वापरून लिव्हिंग सेलमधल्या प्रोटीनचे इमेजिंग, असा विषय आहे. त्यांनी केले ते असे: ‘सजीव पेशींमधील प्रथिनांच्या छायाचित्रणासाठी चमकणारे शोधक व सूक्ष्मस्फटिक’. ‘हे बरोबर आहे का, आणि फ्लुओरेसेंटला एकच पक्का मराठी शब्द कोणता?’

एकच पक्का शब्द सांगता येईल, पण आधी ‘चमकणारे’ खोडू या. भांडे चमकते, पाते चमकते, म्हणजे पडलेला उजेड तसाच परत फिरतो. समई तेवते ती स्वतःच्या तेलावर. चकाकणे, लकाकणे, झळकणे, उजळणे, लुकलुकणे: उजेडाच्या क्रियापदांत मराठी श्रीमंत आहे. पण एका रंगाचा उजेड गिळून दुसऱ्याच रंगाचा बाहेर टाकणे, याला आपल्याकडे साधे क्रियापद नाही. फ्लुओरेसन्स म्हणजे नेमके तेच. निळा किंवा अतिनील प्रकाश शोषला जातो, त्यातली थोडी ऊर्जा आतच खर्ची पडते, आणि उरलेली जास्त तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या, पिवळ्या किंवा तांबड्या प्रकाशाच्या रूपात बाहेर येते. बहुतेक रंगद्रव्यांत हे सगळे काही नॅनोसेकंदांत आटोपते.

इंग्रजी शब्दही काही फार अर्थवाही नाही. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये तो फ्लुओरस्पार या खनिजाच्या नावावरून पाडला, ओपलवरून ओपलेसन्स होतो त्या चालीवर. त्या खनिजाच्या नावात लॅटिनमधला ‘वाहणे’ आहे, कारण धातू वितळवताना ते घातले की मळी पातळ होऊन वाहते. फ्लुओरीन या मूलद्रव्याचे नावही त्याच खनिजावरून आले. म्हणून फ्लुओरेसेंट पदार्थात फ्लुओरीन असायलाच हवे असा समज होतो, तो चुकीचा आहे. एकूण काय, शब्दशः भाषांतर करायला इथे हाताशी काही लागत नाही.

मराठीत दोन शब्द वापरात दिसतात, अनुस्फुरण आणि प्रतिदीप्ती. माझे मत प्रतिदीप्तीला. ‘स्फुरण’ म्हटले की वाचकाला कविता स्फुरते, बाहू स्फुरतात. शिवाय खतांमुळे ‘स्फुरद’ म्हणजे फॉस्फरस हे घरोघरी माहीत आहे, त्यामुळे अनुस्फुरण उगाच फॉस्फोरेसन्सच्या गोतावळ्यात जाऊन बसते. ‘अनु’ म्हणजे मागाहून. उजेड बंद केल्यावरही मागाहून बराच वेळ दिसत राहतो तो फॉस्फोरेसन्सचा, फ्लुओरेसन्सचा नव्हे. प्रतिदीप्तीतला ‘प्रति’ मात्र प्रतिध्वनी, प्रतिसाद यांतला आहे. आपण साद घालावी आणि डोंगराने ती परत करावी, फक्त जरा खालच्या सुरात. डोंगर सूर बदलत नाही हे मान्य, पण उपमेला तेवढी सूट द्या.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. शब्द एकटा असेल तर ‘प्रतिदीप्ती’ दीर्घ, समासात पुढे काही आले की ऱ्हस्व: प्रतिदीप्तिमापन. आणि विशेषणाला ‘प्रतिदीप्त’ अपुरे पडते. दीप्त म्हणजे उजळलेला. कुपीत अंधारात पडलेले रंगद्रव्य उजळलेले नसते, पण योग्य प्रकाश पडला की उजळण्याचा गुण त्याच्या अंगी असतो. तो गुण सांगायला ‘प्रतिदीप्तिशील’. लांब आहे, एकदा वापरून पुढे सर्वनामाने भागवावे.

आता ‘शोधक’. मराठीत शोधक म्हणजे शोध लावणारा. ‘प्रतिदीप्तिशील प्रथिनाचा शोधक’ असे लिहिलेत तर मला ओसामु शिमोमुरा आठवतील. एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून एक्वोरिन हे उजेड पाडणारे प्रथिन वेगळे करताना त्यांना ते हिरवे प्रथिन सापडले, 1962 मध्ये. (त्या जेलीफिशला ‘काजव्यासारखी’ म्हणण्याचा मोह होतो. पण काजव्यासारखा रासायनिक उजेड पाडते ते एक्वोरिन, तोही निळा. हिरवे प्रथिन त्या निळ्याचे हिरवे करते. प्रतिदीप्ती तेवढीच.)

प्रोब हा शब्द लॅटिनमधल्या ‘पारखणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि शस्त्रवैद्यांची जखमेत घालून पाहायची सळई म्हणून रुळला. त्या सळईला सुश्रुतसंहितेत सुरेख नाव आहे: एषणी. अन्वेषणातला ‘एषण’ तोच. ‘प्रतिदीप्तिशील एषणी’ लिहावे असे मला फार वाटते, पण वाचक तिथे अडखळेल हेही दिसते, म्हणून आग्रह धरत नाही.

खरी अडचण अशी की पेशीशास्त्रातला प्रोब काही शोधत हिंडत नाही, आणि एकाच शब्दाखाली निरनिराळी कामे येतात. काही प्रोब ठरावीक प्रथिनाला चिकटतात आणि ते कुठे आहे एवढेच सांगतात. त्यांना सरळ ‘खूण’ म्हणा. काही परिस्थितीनुसार बदलतात. 1985 मध्ये रॉजर त्सिएन यांच्या गटाने मांडलेले फ्युरा-2 हे रंगद्रव्य कॅल्शियमला बांधले गेले की वेगळ्या तरंगलांबीला प्रकाश शोषू लागते, त्यावरून पेशीतले कॅल्शियम मोजता येते. याला शाळेतल्या लिटमसपासून ओळखीचा असलेला ‘दर्शक’ शोभतो. तिसरी जात बाहेरून घालावीच लागत नाही: हिरव्या प्रथिनाचे जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले की पेशी खुणेसकट प्रथिन स्वतःच बनवते. मार्टिन चॅल्फी यांनी 1994 मध्ये ते जिवाणूत आणि सूत्रकृमीत उजळून दाखवले. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मूळ मजकुरात यांपैकी कोणती जात आहे ते पाहून शब्द निवडा. तिन्ही एकत्र असतील तर ‘प्रोब’च ठेवा, काही बिघडत नाही.

‘सूक्ष्मस्फटिक’ मात्र बदलावेच लागेल. सूक्ष्म म्हणजे मायक्रो, तुमचा स्फटिक हजारपट फुगला. ‘अब्जांश स्फटिक’ वाचले की स्फटिकाचा अब्जावा तुकडा वाटतो. ‘नॅनोस्फटिक’ सुटसुटीत आहे. कॅडमियम सेलेनाइडचे हे स्फटिक साधारण 2 ते 6 नॅनोमीटरचे असतात. पदार्थ तोच, पण लहान आकाराचा निळसर आणि मोठा तांबडा उजळतो. त्यांना क्वांटम डॉटही म्हणतात. तिथे ‘ठिपका’ नको, ‘बिंदू’ हवा: इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडलेला असतो, आणि लांबी, रुंदी, उंची काहीच नसलेला तो भूमितीतला बिंदूच.

‘पेशींमधील’ हेही नॅनोस्फटिकांच्या बाबतीत जपून. आवरणासकट ते दहावीस नॅनोमीटरचे होतात, पेशीपटलातून सहज आत जात नाहीत, आणि पेशीने गिळले तर बहुधा पिशव्यांत अडकून पडतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये नॅनोस्फटिक लावून जिवंत चेतापेशींवरच्या ग्लायसीन ग्राहींची (ग्लायसीन हा रासायनिक निरोप पकडणाऱ्या प्रथिनांची) एकेकट्याने हालचाल टिपली, ती पटलावरची. तिथे ‘पेशींवरील’ हवे. आणि ‘सजीव’ नको, ‘जिवंत’ हवे. सजीव हा वर्ग आहे, जिवंत ही अवस्था. रसायनाने मारून स्थिर केलेल्या पेशी आणि जिवंत पेशी हाच फरक मूळ शब्दाला सांगायचा आहे.

‘छायाचित्रणा’त छाया आहे, इथे तर काळ्या पार्श्वभूमीवर प्रथिनाची खूणच उजेड देते. ‘प्रतिमांकन’ चालेल, पण क्रियापद वापरलेत तर नामांची गर्दीच हटते: ‘जिवंत पेशींतली आणि पेशींवरली प्रथिने पाहण्यासाठी प्रतिदीप्तिशील प्रोब आणि नॅनोस्फटिक’.

पुढच्या परिच्छेदांत ‘प्रकाशीय विरंजन’ आणि ‘चालू-बंद होण्याची क्रिया’ असेही लिहिले आहे. पहिल्यात रंगद्रव्य उजेडाने कायमचे निकामी होते, त्याला ‘विटणे’ म्हणा, उन्हाने कापड विटते तसे. दुसरे एकट्या नॅनोस्फटिकाचे आहे: सतत प्रकाश पडत असतानाही तो मध्येच विझतो आणि पुन्हा उजळतो. वर क्रियापदांच्या यादीत ‘लुकलुकणे’ आले होते, ते इथे जसेच्या तसे बसते.