झोपून उठले तरी थकलेलीच असते, मी आळशी झालेय का?

प्रश्न : ताई, मी लातूरकडची, पुण्यात इंजिनीअरिंगला सेकंड इयरला आहे. सध्या सबमिशन चालू आहेत, राईट-अप, जर्नल, त्यावर सरांच्या सह्या, रात्री दोन कधी वाजतात कळतच नाही. सकाळी पावणेनऊचं लेक्चर, रूमवर चौघी त्यामुळे आंघोळीला नंबर लागतो, मग नाश्ता राहतो आणि कॅन्टीनचा चहा-क्रीमरोल घेऊन पळायचं. दुपारी मेन बिल्डिंगपासून वर्कशॉपपर्यंत चालवत नाही एवढं ऊन, प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डोळे मिटतात. रविवारी दहा तास झोपले तरी तेच. गणपतीत डेंग्यू झाला होता पण प्लेटलेट्स नॉर्मल आल्यात. आई म्हणते मोबाईल कमी कर. मैत्रिणी करतातच ना सगळं, मग मलाच का होत नाही?
– के., वय १९

उत्तर : के., आळशी मुलगी सरांच्या सहीसाठी दोन वाजेपर्यंत जागत नाही गं. तू तुझ्या पत्रात डेंग्यू असा एका ओळीत उरकलायस आणि मला तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्लेटलेट्स वर आल्या म्हणजे बरं झालं असं आपण सगळेच धरून चालतो, पण डेंग्यूनंतरचा अशक्तपणा कित्येक जणांना पुढे काही आठवडे राहतो, आणि तू त्यातून उठून थेट सबमिशनमध्ये शिरलीस. मैत्रिणींशी तुलना इथेच सोडून दे, त्यांना ताप आला नव्हता.

दुसरं, या आठवड्यात रक्त तपासून घे, दिवाळीला घरी गेल्यावर बघू असं करू नको. साधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी, आणि डॉक्टरांना वाटलं तर थायरॉईड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. तुझ्या वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये तो सापडला होता, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. जिना चढताना धाप लागणं, पाय ओढत चालणं, उभं राहिलं की अंधारी येणं, हे त्यात होतं. पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नको. लोहाच्या गोळ्या मात्र मैत्रिणीने सांगितल्या म्हणून सुरू करायच्या नाहीत, रिपोर्ट बघून डॉक्टर देतील त्याच.

जेवणाचं बोलू. चहा-क्रीमरोलवर दुपारी एकपर्यंत ढकलायचं म्हणजे शरीराकडे आहे काय खर्चायला? सकाळी शिजवायला वेळ नाही हे मान्य, पण रात्री वाटीभर हरभरे नाहीतर मटकी भिजत घातली तर सकाळी त्यावर लिंबू पिळून डब्यात भरून नेता येते, वेणी घालता घालतासुद्धा खाऊन होते. लिंबाने त्यातलं लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं, म्हणून चहा तासाभराने घे. आणि रात्री दहानंतर चहा-कॉफी बंदच, कारण कॅफिनचा साधारण निम्मा भाग पाच तासांनीसुद्धा अंगात असतो, म्हणजे जागण्यासाठी घेतलेला चहा तू दोनला आडवी झाल्यावरही झोप बिघडवत बसतो.

झोपेचं आईला एक समजावून सांग, तुझ्या वयात झोपेची वेळ आपोआपच थोडी उशिरा सरकते, सगळा दोष मोबाईलचा नसतो. पण तुला सात ते नऊ तास लागतात आणि दोनला झोपून सातला उठलीस तर पाचच होतात, रविवारच्या दहा तासांत आठवड्याची सगळी तूट भरून निघत नाही. राईट-अप रात्री लिहिण्यापेक्षा मधल्या ऑफ लेक्चरला लायब्ररीत बसून लिही, एकेक करत सही घेऊन मोकळी हो, शेवटच्या दिवशी सरांच्या केबिनबाहेरची ती रांग नको. दुपारी वीस मिनिटं बाकावर डोकं टेकवलंस तरी चालेल, अलार्म लावून.

ऊन हे काही तुझं निमित्त नाही बरं का. पाऊस परतला की आभाळ मोकळं होतं, जमिनीत ओल असतेच, दुपारी चटका आणि घाम दोन्ही, आणि पहाटे पांघरूण शोधावं लागतं, या ऑक्टोबर हीटमध्ये धडधाकट माणूसही गळतो. पाण्याची बाटली आणि टोपी घेऊनच वर्कशॉपला जा. आणि पुन्हा ताप आला तर अंगावर काढू नको, हे डासांचे दिवस आहेत, त्याच दिवशी दाखव.

एक विचारायचं राहिलं. नुसती थकतेस की कशातच मन लागत नाही, रडू येतं, जेवण नकोसं होतं? दोन आठवडे असं चाललं असेल तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नको, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मेंटॉर सरांना डेंग्यूचे कागद दाखवून सबमिशनला चार दिवस माग, मागायला काहीच हरकत नाही. रिपोर्ट आला की आकडा मला कळव.