हायड्रोजन किट घ्यायच्या आधी

भावा, किटचे पैसे अजून दिले नसतील तर थांब. हे किट म्हणजे पाण्याची बरणी: विजेनं पाणी फोडून त्यातला हायड्रोजन वायू इंजिनात सोडायचा, म्हणजे ॲव्हरेज वाढतं, असा विकणाऱ्यांचा दावा. मीही सांगलीत जुन्या डिझेल गाडीला अशी बरणी बसवली होती. महिन्याभरात पाणी चहासारखं तपकिरी झालं, फ्यूज दोनदा उडाला, ॲव्हरेज होतं तिथंच.

कारण साधं आहे. पाणी फोडायला वीज लागते, ती अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र) देतो, आणि अल्टरनेटर फिरवायला तुझंच डिझेल जळतं. 20 अँपिअर ओढलेस की पावणेतीनशे वॉटचा बोजा पडला. वायू जाळून तेवढं परत मिळत नाही.

नवी माणसं फसतात ती मापात. डिस्प्लेवरचा आकडा धरू नको. टाकी फुल, मग त्याच पंपावर पुन्हा फुल, मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, असं तीनदा कर. एकदा साताऱ्याचा हायवे आणि एकदा मिरजेचं ट्रॅफिक, अशी तुलना नको. किट लावल्यावर पायही आपोआप हलका पडतो, श्रेय मात्र बरणीला!

आधी एवढं बघ:
- टायरची हवा, सकाळी गाडी थंड असताना
- एअर फिल्टर
- ब्रेक चिकटतोय का. जॅक लावून चाक हातानं फिरव

डिझेल कमी सोडायला लावण्यासाठी इंजिनाच्या सेन्सरला चकवणारी चिप कुणी गळ्यात मारायला लागला तर सरळ नाही म्हण. ते पुढचं प्रकरण आहे. आधी तीन टाक्यांचे आकडे वहीत लिही आणि मला पाठव.