सत्तर हजारांत बेसचा सेटअप: आधी डीआय, मग ॲम्प, पेडलं शेवटी

दादा म्हणून हाक मारलीस, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: चार तारांचा ॲक्टिव्ह (आत सेलवर चालणारं सर्किट असलेला) बेस गिटार आहे, सांगली-कोल्हापूरकडे एका ऑर्केस्ट्रात वाजवतोस आणि कॉलेजच्या चौघांचा रॉक बँडही आहे. इतके दिवस 15 वॉटच्या घरगुती ॲम्पवर भागवलंस. आता सत्तर हजार जमलेत. 500 वॉटचा हेड (नुसता ॲम्प, स्पीकरचा डबा म्हणजे कॅब वेगळा) घ्यायचा की 300 वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात), आणि उरलेल्या पैशांत कोणती पाच-सहा पेडलं (पायाने चालवायच्या इफेक्टच्या डब्या) बसवायची?

तू वॉटपासून सुरुवात केलीस, मी मिक्सरपासून करतो. गणपतीच्या मंडपात किंवा लॉनवरच्या कार्यक्रमात लोकांना तुझा बेस कुठून ऐकू येतो? तुझ्या ॲम्पमधून नाहीच. साउंडवाल्याने दोन्ही बाजूंना रचलेल्या डबल अठरामधून, म्हणजे दोन-दोन अठरा इंची स्पीकरच्या डब्यांमधून येतो. तुझ्या पाठीमागचा ॲम्प फक्त तुझ्यासाठी आणि जमलं तर ड्रमरसाठी. म्हणजे बेसपासून मिक्सरपर्यंत जी तार जाते तिच्यावर काय चाललंय यावर तुझा आवाज ठरतो. पैसे आधी तिथे घाल.

हे मला शहाणपणाने सुचलं नाही, फजितीतून कळलं. एकेकाळी माझ्याकडे चार दहा इंचींचा कॅब होता. उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यातला एक कायम मीच. एका मंडपात पहिल्याच गाण्याला साउंडवाला स्टेजवर आला आणि म्हणाला, "दादा, तो डबा बंद करा, गायकाच्या माईकमध्ये तुम्हीच येताय." बंद केला. त्याच्याकडे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला लागेल तसा करून देणारी डबी) नव्हता, म्हणून त्याने एकाला एक जोडत वीसेक मीटरची साधी जॅकची वायर माझ्या पॅसिव्ह (बिनसेलच्या) बेसपासून थेट मिक्सरला नेली. मध्यंतरापर्यंत बेस म्हणजे गादी धोपटल्याचा आवाज, आणि मागे अखंड घूंऽऽ. मध्यंतरात कीबोर्डवाल्याच्या बॅगेत पडलेला एक जुना डीआय मिळाला. तो लावल्यावर तारेवर बोट घासल्याचासुद्धा आवाज मैदानात गेला. बेस तोच, बोटं तीच, मिक्सर तोच.

त्यामागचं कारण साधं आहे. पॅसिव्ह पिकअपचा (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाचा) इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, जास्त असतो आणि वायरला स्वतःची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असते, मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. वीस मीटर म्हणजे 2000. पिकअपच्या पुढे एवढा कपॅसिटर लावलास की वरच्या फ्रिक्वेन्सी गळून जातात. तुझा बेस ॲक्टिव्ह आहे, त्यामुळे हा त्रास तुला कमी होईल. पण साधी जॅकची वायर अनबॅलन्स्ड असते, वाटेत लाइटच्या केबल असल्या की त्यांची गुणगुण उचलत जाते. डीआयमधून निघालेली एक्सएलआर लाइन बॅलन्स्ड असते. तिच्यातल्या दोन तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलटा जातो, वाटेतला कचरा दोन्हींवर सारखाच चढतो आणि मिक्सरच्या तोंडाशी एकमेकाला खोडतो.

साधा डीआय घ्यायचा की प्रीॲम्पसकट (आवाजाचा टोन घडवणाऱ्या भागासकट)? तुझ्या कामाला प्रीॲम्पवाला. टेक 21 चा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर हे त्यातलं जुनं, सगळ्यांनी ऐकलेलं नाव. डार्कग्लास ही फिनलंडची कंपनी जरा आधुनिक, धारदार आवाजाची. यांच्यात टोन, थोडा ड्राइव्ह (मुद्दाम फाटका केलेला आवाज), मिक्सरसाठी एक्सएलआर आणि स्वतःच्या ॲम्पसाठी जॅक, असं सगळं एकाच डबीत येतं. माझ्या मते तुझ्या सत्तर हजारांतली सगळ्यात महत्त्वाची खरेदी हीच. ॲम्प न नेता गेलास तरी हिच्यावर कार्यक्रम वाजतो, हिच्याशिवाय 500 वॉटसुद्धा मैदानात पोचत नाहीत. काही डीआय मिक्सरच्या 48 व्होल्ट फँटमवर (मिक्सरने केबलमधूनच पाठवलेल्या विजेवर) चालतात, पण आपल्याकडच्या मिक्सरवर फँटम चालू असेल आणि चालूच राहील या भरवशावर जाऊ नकोस. स्वतःचा सप्लाय ने.

साउंडवाल्याशी बोलताना एक गंमत लक्षात ठेव. त्याच्या भाषेत "बेस" म्हणजे सब, सगळ्यात खालचा आवाज देणारे मोठे स्पीकर. "दादा, बेस वाढवा" म्हणालास की तो सगळ्या सिस्टीमचा सब वाढवेल, ऑक्टोपॅडची (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची) किक आणखी फुगेल आणि तू त्याखाली गाडला जाशील. "बेस गिटारचा चॅनेल" असंच म्हणायचं, आणि पहिल्यांदा म्हणताना बोटाने गिटार दाखवायचा. ऑर्केस्ट्रात दुसरा गोंधळ कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा. बेसिस्ट नसताना वर्षानुवर्षं तोच बेस वाजवत आलाय, सवय जात नाही. त्याला चहा पाजून सांग की मी असताना डावा हात वर घे. या एका चहाने जेवढी सफाई येते तेवढी कुठल्याही इक्यूने (टोनच्या बटणांनी) येत नाही.

आता ॲम्प. 300 आणि 500 वॉटमधला फरक तुला वाटतो तेवढा नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज 3 डेसिबल वाढतो. 300 वरून 500 म्हणजे जेमतेम सव्वादोन. शिवाय हेडवर छापलेला आकडा बहुतेक वेळा 4 ओहमचा असतो. फेंडर रंबल 500 चंच बघ. आतल्या दोन दहा इंची स्पीकरवर तो 350 वॉट देतो. बाहेरून आणखी एक 8 ओहमचा कॅब जोडलास, दोन्ही मिळून 4 ओहम झाले, की मग 500. कॅब जोडलाच नाहीस तर पाचशेचे पैसे देऊन साडेतीनशेच वापरणार. वॉटपेक्षा स्पीकर किती आणि कसे हे जास्त बघ. आणि हेड-कॅब घेतलंसच तर मधली केबल स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल तिथे लावायची नाही, बारीक तार आहे ती, तापते.

आणखी एक. मोकळ्या E तारेची मूळ फ्रिक्वेन्सी 41 हर्ट्झ. एवढं खालचं वाजवायला मोठे स्पीकर हवेत असं वाटतं, पण गर्दीत वाजवताना आपण स्वतःला ओळखतो ते 82, 123 आणि त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून). 1969 मध्ये आलेल्या अँपेगच्या एसव्हीटीसोबतचे आठ दहा इंची स्पीकरचे कॅब 41 हर्ट्झला फारसे खोल जात नाहीत, तरी रॉकचा बेस म्हटलं की कानात तोच आवाज येतो. म्हणून स्टेजवर स्वतःला ऐकू येत नसेल तर लोचं (खालच्या सुरांचं) बटण फिरवू नकोस. 400 ते 800 हर्ट्झमधला मिड (मधला पट्टा) उचल. घरी एकट्याने वाजवताना हाच मिड नाकात बोलल्यासारखा वाटतो. बँडमध्ये तोच वाचवतो.

तर तुझ्यासाठी: 100 ते 200 वॉटचा, बारा किंवा पंधरा इंचीचा हलका क्लास-डी (कमी वजनाचं सर्किट असलेला) कॉम्बो. ऑर्केस्ट्रात तो मॉनिटर म्हणून पुरून उरतो. रॉक बँडचा ड्रमर खरोखर ठोकणारा असेल तर 100 कमी पडेल, 200 कडे जा. रंबल 100 साधारण दहा किलोचा आहे, म्हणजे ॲक्टिव्हाच्या पायदानावर बसतो आणि पाठीवर गिगबॅग घेऊन एकट्याने जाता येतं. हसू नकोस, ज्या ॲम्पसाठी दर वेळी टेम्पो किंवा मित्राची गाडी लागते तो सहा महिन्यांत घरी धूळ खातो. माझ्या त्या चार दहा इंचीवर आई पापड वाळत घालायची.

ॲम्प ठेवतोस कुठे याने पैसे न घालता अर्धा फरक पडतो. आपली स्टेजं म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेलं प्लायवूड, खाली पोकळ. ॲम्प थेट त्यावर ठेवलास की अख्खं स्टेज ढोल होतं आणि दोन-तीन सूर बाकीच्यांपेक्षा दुप्पट घुमतात. प्लास्टिकची खुर्ची घे, त्यावर सतरंजीची चौपदरी घडी, त्यावर ॲम्प, तोंड किंचित वर. दोन फायदे: स्टेजचा संबंध तुटतो आणि आवाज गुडघ्यांऐवजी कानाकडे येतो. बेसची लाट लांब असते म्हणून जवळ उभं राहिलं तर ऐकूच येत नाही असं बरेच जण सांगतात, त्याकडे लक्ष देऊ नकोस. जवळ ऐकू येत नाही कारण मिड तुझ्या पोटऱ्यांवर आदळत असतो. खुर्ची हलते का हे मात्र आधी बघ. प्रीॲम्पवर हाय-पास फिल्टर असेल तर 35-40 हर्ट्झच्या खालचं काप, चार तारांवर तिथे सूर नाहीतच, नुसती धडधड आहे.

घूंऽऽ आवाजाचंही सांगतो, कारण जनरेटरवरच्या कार्यक्रमांत तो येणारच. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि E तारेवर तिसऱ्या फ्रेटचा G आहे 49 हर्ट्झचा. म्हणून ही गुणगुण बेसवाल्याला जास्त छळते, G मधलं गाणं लागलं की एक बेसुरा G सतत सोबतीला. ॲम्प एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधलं ग्राउंड तोडणारं) बटण दाब, बहुतेक वेळा थांबते. पण कोणी "अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जाईल" म्हणालं तर ऐकू नकोस. आवाज जाईल हे खरं. मात्र तू गातोस तेव्हा एक हात तारांवर आणि ओठ माईकला असतात, आणि कुठे गळती असेल तर करंट तुझ्यातून जाईल. मला एकदा ओठाला बसलाय झटका, अजून नव्या स्टेजवर माईकला आधी बोटाची मागची बाजू लावून बघतो.

पेडलं. तू दिलेल्या यादीत कोरस, फेजर, ऑक्टेव्ह, एन्व्हलप फिल्टर, फझ, डिले आहेत आणि ट्यूनर नाही! पहिला ट्यूनर. बॉसच्या टीयू-3 सारखा पायाने दाबला की आवाज बंद करणारा हवा, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावताना आणि ॲक्टिव्ह बेसचा जॅक काढताना होणारा धाडकन आवाज मैदानाला ऐकू जात नाही. (जॅक रात्रभर लावून ठेवलास तर आतला 9 व्होल्टचा सेल संपतो, हे तुला माहीत असेलच. तरी एक सेल खिशात.)

दुसरा कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबून सगळं एका पातळीत आणणारा). एमएक्सआरचा एम87 चांगला, कारण त्यावर दिव्यांची रांग आहे आणि किती दाबतोय ते अंधारातही दिसतं. दाबायचं प्रमाण 4:1, अटॅक (दाबायला सुरुवात करायचा वेळ) जरा सावकाश, जोरात वाजवल्यावर 4 ते 6 डेसिबल दाबला जाऊ दे. त्याहून जास्त दाबलास तर बोटाची चढउतारच मरते.

तिसरा ड्राइव्ह, तोही फक्त रॉक बँडसाठी, आणि तो तुझ्या प्रीॲम्प डीआयमध्येच असेल तर वेगळा घेऊ नकोस. वेगळा घेतलासच तर त्यावर ब्लेंडचं बटण हवं. मित्राचा ट्यूब स्क्रीमर (गिटारचं ड्राइव्ह पेडल) बेसला लावून बघितलास आणि तळ गायब झाला असं लिहिलंयस, ते बरोबरच आहे. त्याच्या क्लिपिंगच्या (आवाज फाटका करणाऱ्या) सर्किटमध्ये साधारण 720 हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नलची वाढ) उतरत जातो. गिटारला तो हवासा आहे, आपला तळ त्यात जातो. ब्लेंड असला की स्वच्छ सिग्नल शेजारून तसाच पुढे जातो.

बाकीची यादी वर्षभर थांबव. खाज सुटलीच तर झूमचा एखादा छोटा मल्टिइफेक्ट घे, सगळं वाजवून बघ आणि वर्षाअखेरीला कोणतं खरंच वापरलंस ते मोज. या छोट्यांना बहुधा एक्सएलआर आउटपुट नसतो, म्हणून डीआय तरीही लागतोच.

क्रम: बेस, ट्यूनर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, शेवटी प्रीॲम्प डीआय. पुढे ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा सूर जोडणारं पेडल) घेतलास तर ट्यूनरनंतर लगेच, त्याला स्वच्छ आणि एकटा सूर लागतो, तरी E तारेच्या खालच्या फ्रेटवर तो अडखळेलच. पॉवर सप्लाय मात्र स्वस्तातला नको. एका अडॅप्टरला पाच शेपट्या असलेली वायर घेतलीस आणि त्यात एक डिजिटल पेडल आलं की शिट्टीसारखा आवाज सुरू. आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) सप्लाय घे आणि प्रत्येक पेडलचे मिलीॲम्प वाचून जोड.

अमेरिकेतल्या मामेभावाकडून ॲम्प मागवायचा विचार लिहिलायस. तिथला ॲम्प 120 व्होल्टचा असू शकतो. मागे 230 चा स्विच आहे का, किंवा 100-240 लिहिलंय का, हे फोटो मागवून बघ. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वागवावा लागेल, आणि घाईत एकदा तरी तो विसरून थेट लावला जाईल. माझ्या एका मित्राचा गेला तसा, धूर बघितलाय मी. केबल मात्र आयती घेऊ नकोस. पुण्याला आलास तर तपकीर गल्लीतून चांगली वायर आणि न्यूट्रिकचे जॅक घे, सोल्डर स्वतः कर. कार्यक्रमात सगळ्यात आधी मरते ती केबल, आणि रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद करायचा असतो तेव्हा दहा मिनिटं फॉल्ट शोधायला कोणी देत नाही.

तर माझी वाटणी: प्रीॲम्प डीआयला वीस-बावीस हजार, वापरलेल्या कॉम्बोला तीस-बत्तीस, ट्यूनर आणि कॉम्प्रेसर मिळून दहा-बारा, सप्लाय आणि केबलला उरलेले. कॉम्बो बघायला जाशील तेव्हा स्वतःचा बेस ने, मोकळी E तार मोठ्या आवाजात धरून ठेव आणि कॅबला कान लाव. खरखर किंवा फडफड ऐकू आली तर स्पीकर तरी गेलाय किंवा जाळीचा स्क्रू तरी सैल आहे. आधी जाळी हाताने दाबून बघ, स्क्रूच असेल तर हजार-दीड हजार कमी करून घे.

तुझ्या ऑर्केस्ट्रात किक ऑक्टोपॅडची आहे की खरा ड्रमसेट, आणि रॉक बँडची प्रॅक्टिस कुठे करता, हे लिही. घरातल्या खोलीत करत असाल तर 200 वॉटचाही विचार सोडून दे, 100 पुरे.