शिमल्याला स्केटिंगला चालला ना, आधी पडायचं शिक

अबे तू डिसेंबरात शिमल्याला जाऊन राहिला ना, त्या १९२० च्या ओपन रिंकवर, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायच्या मैदानावर, तर आधी पडायचं शिक, स्केटिंग नंतर. पडताना आपोआप हात पुढे जातो, सगळा भार मनगटावर येतो. माझं असंच झालं, अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडतो ना तिथे दाबलं की कळ यायची, पहिल्या एक्सरेत काहीच दिसलं नाही म्हणून मी आपल्या नागपुरात सदर ते महाल बिनधास्त गाडी चालवत फिरलो, १२ दिवसांनी पुन्हा काढला तर स्कॅफॉइडला, म्हणजे मनगटातल्या छोट्या हाडाला, क्रॅक! त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, जुळायला महिने लागतात बाप्पा.

तोल गेला की गुडघे वाकव, खाली बस अन् कुशीवर पड, मांडीवर. मग लगेच मुठी आवळून हात छातीशी, बोटं बर्फावर पसरून ठेवू नको, मागून येणाऱ्याची ब्लेड त्यावरून जाते. उठताना हात गुडघ्यावर टेकव.

हातमोजे जाड घे, आपले उन्हात गाडीवर घालायचे पातळ कॉटनचे नको आणू, भिजतात ते. रोलर स्केटिंगचे रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला आधार देणारे पट्टे, असतील तर घाल. अन् अंगठी हॉटेलातच काढून ठेव.