चित्रपट मासिकातल्या परीक्षणाची मांडणी आणि भाषा कशी तपासायची? (कॉलेजचा प्रोजेक्ट आहे)

आधी वाचूच नका. पान हातभर लांब धरा आणि नजर कुठून कुठे जाते ते पेन्सिलीनं १, २, ३ असं त्याच्यावरच लिहा. 'एम्पायर' (१९८९ पासून) हे ब्रिटिश मासिक घ्या: फोटो, नाव, पाचपैकी तारे आणि शेवटी एकदोन वाक्यांत निकाल. घाईतला वाचक मधला मजकूर न वाचताही तिकीट काढू शकतो. 'साइट अँड साउंड' (१९३२) दुसऱ्या टोकाचं. तिथे तारे नाहीत, आणि १९९१ नंतर बरीच वर्षं संपूर्ण कथासार नि श्रेयनामावली परीक्षणापासून वेगळी छापली जायची. म्हणजे समीक्षकाला गोष्ट सांगण्यात शब्द घालवावे लागत नसत.

भाषेसाठी माझी युक्ती एकच: 'पण'ला गोल करा (इंग्रजीत 'but', 'though'). खरं मत बहुतेक वेळा त्याच्या पुढे असतं. मग गोल कितव्या परिच्छेदात पडले ते ताऱ्यांशी ताडून बघा. तीन तारेवाल्या परीक्षणात हे फार मजेशीर दिसतं; आपल्याकडचं 'एकदा बघायला हरकत नाही' त्याच जातीचं.

काळही बघा. कथानक सहसा वर्तमानकाळात असतं. 'मी', 'आपण' की 'तुम्ही', हे मोजा. आणि फोटोओळ सोडू नका! ती माहिती देते की कोटी करते, यावरून मासिकानं वाचक कोण धरलाय ते चटकन कळतं.