कॅमेरा मोठा झाला, गोडी मात्र गेली

प्रश्न : १९७९ साली वडिलांनी मला अ‍ॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ आणून दिला होता. एका रोलवर जेमतेम १२ चौकोनी फोटो निघायचे आणि रोल धुऊन येईपर्यंत जीव नुसता टांगणीला लागायचा. निवृत्तीनंतर मी हौसेने डिजिटल कॅमेरा आणि तीन लेन्स घेतल्या. आता एका सहलीत ६००-७०० फोटो निघतात, पण घरी आल्यावर ते उघडून पाहावेसेही वाटत नाहीत. पूर्वीची गोडी परत मिळेल का, की जुना कॅमेराच शोधून काढावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जुना कॅमेरा माळ्यावर असेल तर अवश्य काढा, त्याला लागणारे १२० चे रोल आजही बनतात. मात्र तुमची गोडी त्या डबीत नव्हती, असे मला मनापासून वाटते. क्लिक थ्रीवर ठरवण्यासारखे होते तरी काय? ऊन आहे की ढग, एवढी खूण फिरवली की झाले. त्यामुळे तुमचे सारे लक्ष समोरच्या माणसाकडे आणि त्याच्या अंगावर पडलेल्या उजेडाकडे असे, आणि फोटो बाराच असल्यामुळे निवड बटण दाबण्याआधीच होऊन जाई. आता तीच निवड घरी बसून, ६०० फोटोंमधून करावी लागते. तुम्हाला कंटाळा येतो तो या निवडीचा. फोटो काढण्याचा नव्हे.

म्हणून आहे त्याच कॅमेऱ्यावर एक महिना एकच लेन्स ठेवा, शक्यतो झूम नसलेली, म्हणजे जवळ जायचे तर आपल्यालाच चार पावले चालावे लागेल. आठवड्याला १२ फोटो, तेरावा नाही. फोटो काढल्यावर तो लगेच पडद्यावर दिसण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि कार्ड रविवारीच उघडा. उजेडाचा अंदाजही स्वतः बांधून पाहा : लख्ख उन्हात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० असताना छिद्र, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, एफ १६ आणि शटरचा वेग सेकंदाचा १/१२५, आभाळ भरून आले की छिद्र एफ ८, म्हणजे अधिक मोठे. पहिले काही फोटो चुकतील, ते चुकू द्यावेत. अंदाज बरोबर आल्याचा आनंद फार निर्मळ असतो.

पहिल्या आठवड्यासाठी एक विषयही सुचवतो. कौलाच्या किंवा पत्र्याच्या बारीक भोकातून घरात येणारा कवडसा पाहा. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोलच पडतो, कारण ती भोकाची नव्हे, सूर्याची प्रतिमा असते. दुपारी ऊन डोक्यावर असताना ३ मीटर उंचीच्या छपरातून पडलेला कवडसा साधारण ३ सेंटीमीटरचा भरतो. तुमची खोली त्या वेळी स्वतःच कॅमेरा झालेली असते! १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात आमच्या अंगणातल्या झाडाखाली अशा शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या. मोठी माणसे दारे लावून आत बसली होती आणि मी त्या कोरी तळहातावर झेलत होतो. माझ्यापाशी तेव्हा कॅमेरा नव्हता, तरीही आजवर पाहिलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा ते दृश्य मला अधिक स्पष्ट आठवते.

तर हा कवडसा सकाळी भिंतीवर लांबट असतो, मग सरकत जमिनीवर येतो, एखाद्या तांब्याच्या काठावर चढतो आणि तिथून छतावर उजेडाची थरथरती रेघ उमटते. ती उमटेपर्यंत बसून राहा. एखाद्या दिवशी फोटो निघणारही नाही, तरी हरकत नाही.

महिनाअखेरीस जे फोटो जमतील, त्यातले आवडलेले सहा-सात स्टुडिओतून ४ बाय ६ इंचांत छापून घ्या, मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहा, आणि ते घरातल्यांच्या हाती द्या. तुमचे जुने चौकोनी फोटो अजून असतील, तर ते त्याच अल्बममध्ये, याच फोटोंच्या शेजारी लावा.