झाडासारखा दिवा, बांबूची सायकल

प्रश्न: मुलगी प्रॉडक्ट डिझाइन शिकते. तिच्या प्रोजेक्टला रॉस लव्हग्रोव्ह नावाचा डिझायनर आहे, त्याने म्हणे रस्त्यावर सोलरचं झाड लावलं आणि बांबूची सायकल पण केली. मला सगळी शोबाजी वाटते. आमच्या सोसायटीतले सोलर दिवे तर दुसऱ्या पावसाळ्यातच गेले. यात खरंच काही दम आहे का?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: थोडी शोबाजी आहेच, नाही कशाला म्हणू. लव्हग्रोव्ह मूळचा वेल्समधल्या कार्डिफचा, तरुणपणी सोनीच्या वॉकमनवर काम केलेला, आणि निसर्गातनं आकार उचलायचा इतका नाद की डिझाइनवाले त्याला कॅप्टन ऑरगॅनिकच म्हणतात. पण ते सोलर ट्री नीट बघा. २००७ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रासवर, माक म्युझियमसमोर उभं केलं होतं, आर्टेमिडे या इटालियन कंपनीबरोबर. स्टीलच्या नळ्या वाकवून देठ केलेत, टोकाला चपटी डोकी, त्यांच्यावर सोलर सेल आणि खालच्या बाजूला एलईडी. आता तिकडचा ऑक्टोबर म्हणजे ऊन मिळालं तर मिळालं, तरी सलग चार दिवस सूर्य दिसला नाही तेव्हासुद्धा रात्री दिवे लागत होते असं तेव्हा छापून आलं होतं.

माझ्या मते खरी करामत झाडाच्या आकारात नाहीच, हिशोबात आहे. दिवसाला बॅटरी किती भरते, रात्री किती उतरते आणि ऊन नसताना किती रात्री काढायच्यात. बऱ्याच सोसायट्यांचे दिवे इथेच मरतात, कारण कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून बॅटरी जेमतेम एका रात्रीची टाकतात, ती रोज तळाला जाते, वर पॅनलखालच्या डब्यात उन्हाने भाजते, पॅनलवर धूळ आणि कबुतरांची कृपा, ते पुसायला खांबावर चढणार कोण? पुढच्या वेळी बॅकअप किती रात्रींचा ते लेखी घ्या.

प्रश्न: तीच बांबूची सायकल आपल्याकडे करता येईल का? घरचा माणगा बांबू आहे.
- एक वाचक, कुडाळ

उत्तर: येईल की, पुण्यात करणारे आहेतच. आणि कल्पना काही नवी नाही, १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बांबूच्या सायकली विकल्या जायच्या. लव्हग्रोव्हने ती कोपनहेगनच्या बायोमेगा या सायकल कंपनीसाठी केली, नळ्या बांबूच्या आणि जोड अ‍ॅल्युमिनियमचे. दिसायला देखणी, पण मला ते जोड फारसे पटत नाहीत. बांबू हवेतल्या ओलाव्याने फुगतो-आकसतो, धातू तसा वागत नाही, म्हणजे कोकणच्या पावसात मधला गोंद किती वर्षं धरेल ही शंका राहतेच. कॅलिफोर्नियात सायकली बनवणाऱ्या क्रेग कॅल्फीने वेगळा मार्ग काढला, सांध्यावर तागासारखे धागे इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदात भिजवून गच्च गुंडाळायचे. घरी करायचं तर हेच सोपं.

माणगा सरळ आणि जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे वजन थोडं वाढेल पण ताकदीला चांगला. कोवळा नको, पक्का झालेला पावसाळा संपल्यावर तोडा, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवा नाहीतर भुंगा पीठ पाडेल, आणि सावलीतच वाळवा. उन्हात टाकलात तर उभी चीर जाते. चिरलेला तुकडा फ्रेमला अजिबात घेऊ नका, मांडवाला वापरा. पुढचं चाक धरणारा फोर्क मात्र स्टीलचा, दुकानातला आयताच आणा, तिथे हौस नको.